रणपिसे गुरुजींचं ‘कशावरून?’

रणपिसे गुरुजींना एखाद्या शब्दाचा अर्थ विचारणं म्हणजे बंद दुकानाची कडी वाजवणं. आत माल भरपूर, पण मालक काही उठून दार उघडायचा नाही. अर्थ त्यांना येत नसे असं नव्हे. येत असे, आणि तरी ते सांगत नसत. याचा मला सुरुवातीला इतका राग आला होता की मी बदलीचा अर्ज लिहायला बसलो होतो.

बोर्डाच्या शाळेत नेमणूक झाली म्हणून मी यवतला एस.टी.तून उतरलो आणि डोक्यावर ट्रंक घेऊन राहूच्या पुढची वाट चालू लागलो. गाव भीमेच्या काठाला. वाटेत एका माणसाला शाळा विचारली, तर तो म्हणाला, “म्होरं वाघूर लावलीया, तितनं डाव्या अंगाला वळा.” मी मूळचा पेठेत वाढलेला माणूस, वाघूर म्हणजे काय मला काय ठाऊक? तरी पोचलो. शाळेच्या पायरीवर काळा कोट घातलेले, उंच, किडकिडीत गृहस्थ खडूचे तुकडे निवडत बसले होते. ओळख झाली, पाणी झालं. मग मी सहज विचारलं, “गुरुजी, इकडं वाघूर कशाला म्हणतात हो?”

“कुठं ऐकलात?”

“वाटेत एकजण म्हणाला, वाघूर लावली आहे तिथून डावीकडे वळा.”

“मग वळलात की नाही?”

“वळलो.”

“तिथं काय होतं?”

“मेंढरं होती. त्यांच्याभोवती जाळं लावलेलं होतं.”

“मग मला कशाला विचारता, मोरे?” असं म्हणून ते पुन्हा खडू निवडायला लागले.

शिमोन भिकाजी रणपिसे हे त्यांचं पूर्ण नाव. माणूस शिरूरकडचा, ख्रिस्ती. बायको शिरूरच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती आणि हे इकडे भीमेच्या अलीकडे. दर शनिवारी शाळा सुटली की कोट घडी करून काखेत धरायचे, नावेतून पलीकडे जायचे आणि तिथून शिरूर गाठायचे. रविवारची उपासना उरकून सोमवारी पहिल्या घंटेला परत हजर. गावानं पहिल्या वर्षी त्यांना पाण्याचा वेगळा तांब्या ठेवला होता म्हणे. पुढे तो तांब्या कुठं गेला ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

शाळा चौथीपर्यंत, खोल्या दोन, मास्तर दोन. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेलीच नव्हती, त्यामुळे त्यांच्या वर्गातला शब्दन् शब्द मला ऐकू यायचा. माझी पोरं पाढे म्हणत असायची आणि मी कान तिकडे लावून बसलेला असायचो.

त्यांची शिकवायची एक रीत होती. पुस्तकात नवा शब्द आला की फळ्यावर तो मोठ्या अक्षरात काढायचा आणि भोवती खडूनं गोल करायचा. मग म्हणायचं, “पाहुणा आलाय. ओळखा.”

पोरांना हे बरोबर समजायचं. कारण गावात परका माणूस शिरला तर त्याला वाटेत धरून ‘तू कोण रे’ असं कुणी विचारत नाही. ते रीत सोडून होईल. पारावरची माणसं नुसती बघत बसतात. पाहुणा कुणाच्या दारात चपला काढतो, पाणी कोण आणून देतं, कुठली म्हातारी त्याला बघून डोळ्याला पदर लावते. चूल पेटायच्या आत सगळ्या गावाला कळलेलं असतं की हा अमक्याचा मेव्हणा आणि तमक्या कामासाठी आलाय. गुरुजींचं म्हणणं, शब्दाचंही तेच. “त्याला एकट्याला गाठून दरडावू नका. तो कुणाच्या शेजारी बसलाय ते बघा.” मग ते धडा वाचायचे, सावकाश, एकदा नि पुन्हा एकदा, आणि पोरं पाहुणा ओळखायची.

कुणी उत्तर दिलं की ते बरोबर की चूक हे गुरुजी सांगत नसत. आधी विचारायचे, “कशावरून?” हा त्यांचा खरा प्रश्न. अर्थ बरोबर आला पण कशावरून ते सांगता आलं नाही, तर त्यांच्या लेखी ते उत्तर फुकट. आणि अर्थ चुकला पण कशावरून ते नीट सांगितलं, तर ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, “उत्तर चुकलं, वाट चुकली नाही.” दोन्ही जमलं, तर कोटाच्या खिशात हात घालून खडूचा तुकडा काढायचे आणि पोराच्या हातावर ठेवायचे. त्या खडूसाठी पोरं जिवाचं रान करायची. गावातल्या निम्म्या भिंती त्या बक्षिसाच्या खडूनं रंगलेल्या होत्या, आणि त्याबद्दल बायका गुरुजींच्या नावानं बोटं मोडायच्या. त्यांचा तो कोट काळा, पण खिसे मात्र कायमचे पांढरे.

परीक्षा घ्यायचीही त्यांची तऱ्हा वेगळी होती. शब्द शिकवल्या दिवशी ते कधी विचारत नसत. “आज शिजवलं ते आजच पचलं का म्हणून कुणी विचारतं का?” असं म्हणायचे. शब्द शिकवायचा आणि सोडून द्यायचा. मग मधल्या सुट्टीत लिंबाखाली पाठीमागे हात बांधून नुसतं फिरायचं. पोरांचं लक्ष विटीदांडूवर आणि गुरुजींचं लक्ष पोरांच्या तोंडावर. शब्द वाचताना ओळखला तर ती तोंडओळख. गोष्ट सांगताना वापरला तर घरोबा. आणि भांडताना आपसूक तोंडात आला तर सोयरीक झाली, आता तो शब्द घर सोडून जायचा नाही.

एकदा याच नादात घोटाळा झाला. पाटलाचा तुका आणि न्हाव्याचा रघू यांची जुंपली. तुक्यानं रघूला खाली घातलेला, नाकातून रक्त यायला लागलेलं. मी धावत गेलो. गुरुजी आधीपासून तिथंच उभे, पण पोरांना सोडवायचं सोडून डोळे मिटून ऐकत होते. तुका रघूच्या छातीवर बसून ओरडत होता, “माज्या बोरीची बोरं खातूस आन् मलाच मारतूस? कृतघ्न हायस तू! लई कृतघ्न!” मी दोघांना ओढून वेगळं केलं. गुरुजींनी डोळे उघडले. रघूच्या नाकाला रुमाल लावला आणि तुक्याच्या हातावर खडू ठेवला! रघूच्या बापानं त्या दिवशी शाळेपुढे जो तमाशा केला तो विचारू नका. गुरुजींनी त्याची हात जोडून माफी मागितली. मात्र घरी जाताना मला म्हणाले, “दिवाळीच्या आधी शिकवलेला शब्द, मोरे. दिवाळीच्या आधी!”

मोठ्या माणसांचीही त्यांच्या तावडीतून सुटका नसे. पाटलांना कोर्टाचा कागद आला, त्यात ‘सुनावणी तहकूब’ असं होतं. पाटील शाळेत आले. गुरुजींनी कागद वाचला आणि विचारलं, “आबा, मागल्या वेळेला कोर्टात काय झालं होतं?”

“वकील आला न्हवता.”

“आणि आता पुढची तारीख दिलीय खाली. मग मधे काय झालं असंल?”

पाटील लालेलाल. “मास्तर, माझ्या जमिनीचा जीव टांगणीला लागलाय आन् तुमी मला उखाणं घालता व्हय?” कागद हिसकावून निघाले. पायरीवर थांबले. जरा वेळानं वळून म्हणाले, “म्होरं ढकाललंय. व्हय ना?” गुरुजी म्हणाले, “कशावरून, आबा?” पाटलांनी त्यांना एक सणसणीत शिवी दिली आणि हसत गेले. ते त्यांचं नातं पुढे शेवटपर्यंत टिकलं.

ही सगळी गंमत वर्षाचे बारा महिने चालायची. अपवाद फक्त तपासणीचा दिवस.

वार्षिक तपासणीला डेप्युटीसाहेब यायचे. तेव्हाचे साहेब म्हणजे जुन्या पठडीतले. खुर्चीत बसायचे, पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या शब्दांवर बोट ठेवायचे आणि एकेक पोर उभं करायचे. तपासणीचा दंडक असा की साहेब विचारत असताना वर्गाच्या मास्तरनं मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. खाणाखुणाही करायच्या नाहीत. एका वर्षी साहेबांनी न्हाव्याच्या रघूला विचारलं, “पाचारण करणे?”

रघू म्हणाला, “बोलावून शिव्या देनं, सायेब.”

साहेब चमकले. धडा राजाचा होता. राजानं प्रधानाला पाचारण केलं. रघूचं पण काही चुकत नव्हतं. चावडीवर ज्याला ज्याला बोलावणं जातं तो शिव्या खाऊनच परत येतो, हे त्यानं जन्मापासून पाहिलेलं. दुसऱ्यालाही साहेबांनी असाच एक सुटा शब्द विचारला, त्यानंही असंच काहीतरी घरचं उत्तर दिलं. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, मुलांना शब्दार्थ येत नाहीत. पाठांतर करून घ्यावे.

जेवणानंतर गुरुजी त्यांना म्हणाले, “साहेब, एक विनंती आहे. शब्द सुटा विचारू नये. नवा उतारा वाचावा, त्यात घालून विचारावा. माझी पोरं सांगतील.”

साहेबांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, “का? वाक्यात घातला की शब्दाचा अर्थ बदलतो का?”

“बदलत नाही, साहेब. दिसतो.”

“गुरुजी, जे दिसतं ते चष्म्याचं काम. मला पाठ आहे की नाही ते बघायचं असतं.”

पुढल्या वर्षी गुरुजींनी पुन्हा तीच विनंती केली, साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं. दर वर्षी हेच. तपासणी जवळ आली की मी म्हणायचो, “गुरुजी, आठ दिवस पाठ करून घ्या, काय बिघडतंय?” त्यावर ते म्हणायचे, “मोरे, लहानपणी मी बायबलातल्या द्राक्षमळ्यात राहिलोय. द्राक्ष पुढं कितीतरी वर्षांनी पुण्यात पाहिलं. पण पाहिल्याबरोबर ओळखलं. मला कुणी पाठ करून दिलं नव्हतं.” 

हौसा त्यांच्याकडे आली तेव्हा नवे पैसे बाजारात आले होते आणि लोक अजून आण्यातच बोलत होते. धनगराची पोर. बाप म्हाळू आबा मेंढरं घेऊन दसऱ्यानंतर घाटाखाली उतरायचा तो पावसाला परत. हौसाला म्हातारी आजी सांभाळायची म्हणून ती गावात राहिली आणि म्हणून शाळेत आली. केसांना तेल नाही, परकराला दोन ठिगळं, पण नजर अशी की समोरच्याच्या मनातलं वाचून घेईल. पाहुणा ओळखायला तिच्याइतकं पोर गुरुजींना त्याआधी कधी मिळालं नव्हतं. फळ्यावर शब्द काढला की बाकीची पोरं त्या शब्दाकडे डोळे वटारून बघायची. हौसा त्याच्याकडे बघायचीच नाही. एकदा गुरुजींनी विचारलं, “अगं, तुझं ध्यान कुठंय?”

ती म्हणाली, “गुरजी, मेंढरू चुकलं तर त्येला हुडकत न्हाईत. बाकीची कुटं माना वळवत्यात ते बगायचं.”

गुरुजी भिंतीच्या फटीपाशी येऊन मला म्हणाले, “ऐकलंत?” मी ऐकलं होतं. खिशातले होते नव्हते तेवढे खडू तिला मिळाले त्या दिवशी.

ती चौथीत गेली आणि श्रावणात आजी वारली. म्हाळू आबा गुरुजींकडे आला, खाली बसला आणि घोंगडीचं टोक चुरगाळत म्हणाला, “गुरजी, आता पोरीला मागं ठिवू कुनाच्या जिवावर? दसरा झाला की संगं नेतो.”

गुरुजींनी त्या शनिवारी शिरूरला गेल्यावर मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात चौकशी केली. एक फुकट जागा होती. चौथीचं उरलेलं वर्ष तिथूनच, आणि पुढे सातवीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं सगळं. अट एकच, डेप्युटीसाहेबांनी मुलगी तपासून शिफारस केली पाहिजे. गावात कुजबुज झाली की मास्तर पोरीला बाटवणार. म्हाळू आबानं ती ऐकली आणि पारावर उभा राहून म्हणाला, “मेंढरामागं कुनाचा धरम सुका ऱ्हातो ते दावा मला. पाऊस आला की समद्यास्नी घोंगडं येकच.” मग गुरुजींना म्हणाला, “सायब म्हनला पोरगी हुशार हाय, तर ठिवतो. न्हाई म्हनला तर नेतो. मला काय कळतंय त्यातलं?”

तपासणी दसऱ्याच्या तोंडावर होती. तिच्यावर पोरीचं सगळं आयुष्य टांगलेलं.

आणि पुढच्याच एका शनिवारी गुरुजी शिरूरला गेलेच नाहीत. धोंडला गेले. दौंडला तेव्हा आम्ही धोंडच म्हणायचो. तिथं स्टेशनाबाहेरच्या दुकानातून त्यांनी शब्दार्थाचं मार्गदर्शक आणलं, पिवळ्या कव्हराचं. ते त्यांच्या हातात बघून मला मांसाहारी पंगतीत एखादा कीर्तनकार दिसावा तसं झालं.  त्यांनीच सांगितलं, “मोरे, हौसानं ‘बोलावून शिव्या देणं’ असं काही सांगितलं तर? साहेबांना वाट कळत नाही, उत्तर कळतं. पोरीच्या जिवावर मी माझा हट्ट चालवू का?”

शाळा सुटल्यावर लिंबाखाली रोज घोकंपट्टी. पाचारण करणे, बोलावणे. विस्मय, आश्चर्य. हौसा एकदा म्हणाली, “गुरजी, ह्ये तर धडा वाचला की कळतंयच की. पाठ कशापायी?”

“कळतंय ते राहू दे बाजूला. साहेबांपुढं मनाचं काही सांगायचं नाही. ह्या पुस्तकात असंल तेवढंच बोलायचं. पुस्तकात नसंल, तर गप्प बसायचं. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बरं. कबूल?”

“कबूल,” हौसा म्हणाली. तिनं गुरुजींचं काही कधी मोडलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी केडगावाकडून सायकलवर एक तरुण गृहस्थ आले, धुळीनं माखलेले. जुने साहेब निवृत्त झाले होते. हे नवे. माझा वर्ग त्यांनी झटपट आवरला. मग त्यांच्या मागोमाग मीही दाराशी जाऊन उभा राहिलो. म्हाळू आबा बाहेर पायरीवर उकिडवा बसला होता, आत कान लावून.

साहेब हसून म्हणाले, “रणपिसे गुरुजी, आधीच्या साहेबांनी तुमची एक तक्रार मला तोंडी सांगून ठेवलीय. दर वर्षी एकच विनंती करून डोकं खातात म्हणे. मला ती विनंती पटली. आज तुमच्याच पद्धतीनं विचारणार आहे.”

गुरुजी मागच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद उमटला. खरंच उमटला, मी पाहिला. किती वर्षांची विनंती ती! आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि तो आनंद तोंडावरच विरून गेला.

साहेबांनी पिशवीतून कुठलंसं जाडजूड पुस्तक काढलं आणि वाचायला लागले. नदीला पूर आला होता. नावाड्याची नाव वाहून गेली होती. त्याची मुलगी पलीकडच्या काठावर अडकली होती आणि हाका मारत होती. पाणी वाढत होतं. नावाडी अगतिक होऊन नुसता पाहत राहिला.

“अगतिक म्हणजे काय?” त्यांनी मुलांवरून नजर फिरवली. बोर्डिंगचा कागद त्यांच्यापुढेच होता. “हौसा कोण? तू सांग बाळ.”

हौसा उभी राहिली. आधी तिनं साहेबांकडे पाहिलं. मग मान वळवून मागे, गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी तोंड उघडलं. साहेबांनी हात वर केला, “गुरुजी, तुम्ही नाही.” तेही प्रेमानंच. गुरुजींनी तोंड मिटलं.

“अंदाजानं सांग. चुकलं तरी चालेल.”

“पुस्तकात न्हाई, सायेब.”

“पुस्तकात नसू दे. मनानं सांग.”

“मनाचं सांगायचं न्हाई.”

 साहेब पुन्हा एकदा उतारा वाचायला लागले, सावकाश, गुरुजी वाचायचे अगदी तसाच. गुरुजींचे ओठ हलत होते, उघडत होते आणि मिटत होते. हौसा त्यांच्याकडेच बघत होती आणि गप्प होती. मी दाराशी उभा. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं बोल, तुझं तू बोल. पण तपासणीत दुसऱ्या वर्गाच्या मास्तरनं तोंड घालायचं म्हणजे तो कागदच रद्द व्हायचा. आम्ही सगळे बघत राहिलो, एवढंच.

मागून न्हाव्याचा धाकटा पोरगा उठला आणि म्हणाला, “काय बी करता येत न्हाई त्यो, सायेब.” साहेब म्हणाले, “शाबास.” पण त्या पोराचा बोर्डिंगशी काही संबंध नव्हता.

वर्ग सुटल्यावर गुरुजींनी साहेबांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मीच पाठ करून घेतलं, मीच गप्प बस म्हणालो. साहेब भला माणूस होता.  म्हणाला, “आता तुम्ही तिला बोल म्हणाल तर ती बोलेल. पण ते तुमचं ऐकून. तिचं तिला काय येतं, हे मला कसं कळायचं? असं करू, दिवाळी झाली की मी मुद्दाम परत येतो. नवा उतारा आणतो.”

म्हाळू आबा पायरीवरून उठला होता. “दिवाळीपातूर मेंढरांचा वाडा न्हाई थांबत, सायेब. परवाच्याला निघायचं.”

“तोवर शिरूरला माझ्या घरी राहील,” गुरुजी म्हणाले. “माझी बायको आहे तिथं. आबा, ऐका माझं.”

“गुरजी, जी पोरगी सायबाम्होरं त्वांड उघडंना, ती परक्या घरात काय बोलंल? उपाशी ऱ्हाईल आन् सांगायची न्हाई.”

“तिला येत होतं, आबा! मी सांगितलं होतं तिला गप्प बसायला!”

म्हाळू आबानं गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमी लई चांगलं मानूस. पर तिच्यापायी खोटं बोलू नगा. अवघ्या गावाला ठावं हाय, तुमी कुना पोराला गप बस म्हनत न्हाई. पाटलालासुदिक बोलतं करता तुमी.”

 गुरुजी जन्मभर जसे वागले तेच त्यांच्या आड आलं. खरं सांगत होते आणि त्यांच्यावर एवढा विश्वास होता म्हणूनच ते कुणाला खरं वाटत नव्हतं. हौसा बापाच्या मागोमाग निघाली. फाटकाशी एकदा वळून तिनं पाहिलं, आणि गेली.

त्यानंतर गुरुजी शिकवत राहिले. पाहुणाही येत राहिला, गोलही काढत राहिले. पण ‘उत्तर चुकलं, वाट चुकली नाही’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. मधल्या सुट्टीत लिंबाखाली फिरायचेही बंद झाले. ते पिवळं मार्गदर्शक त्यांनी चुलीत घातलं नाही की कुणाला दिलं नाही. टेबलावर समोरच ठेवलं होतं. दसरा आला की म्हाळू आबाच्या वाड्याची वाट बघायचे, पण आजी गेल्यावर आबा पावसाला गावात परतलाच नाही, त्यानं उतरायची वाटही बदलली होती. कुणी म्हणायचं जुन्नरकडून जातात, कुणी म्हणायचं आबा वारला. चौकशी करायची तरी कुठं? मेंढरांना पत्ता नसतो.

पुढे माझी बदली शिरूर तालुक्यात झाली आणि गुरुजी निवृत्त होऊन शिरूरला बायकोकडे गेले. मी सुट्टीत जायचो त्यांच्याकडे. बोर्ड जाऊन जिल्हा परिषद आली होती. साहेब लोकही बदलले होते आणि पोरांना आता उताऱ्यावरचे प्रश्न यायला लागले होते. मी हौसेनं तसा एक पेपर त्यांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, “बरं झालं,” म्हणाले आणि घडी करून परत दिला.

एके दिवशी कारेगावात एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून आम्ही दोघं चालत निघालो. कारेगावाच्या अलीकडे एका कापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवलेली, भोवती वाघूर. गुरुजी वाघूर बघून माझ्याकडे बघून जरासे हसले. तेवढ्यात जाळ्याच्या पलीकडून एक बाई उठली. काखेत पोर, हातात काठी. आमच्याकडे टक लावून बघत पुढे आली आणि वाकून गुरुजींच्या पायाला हात लावला.

“वळखलं का, गुरजी?”

गुरुजींनी ओळखलं होतं. 

ती भराभर बोलत होती. आबा गेलं. आता बरं चाललंय. थोरली पोरगी इतल्या शाळेत घातलीया, सासू हाय तवर. काखेतल्या पोराचं नाक तिनं पदरानं पुसलं. मग एकदम म्हणाली, “त्या दिसाचा त्यो शबूद, गुरजी. अगतिक. मला तवाच कळला हुता.”

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. आणि मग इतक्या वर्षांची सवय, त्यांच्या तोंडून आपसूक गेलं, “कशावरून?”

“गोष्ट कुटं ऐकत हुते मी? तुमी मागं भिताडाला टेकून हुबं हुता. त्वांड उघडीत हुता, मिटीत हुता. त्यो नावाडी म्हंजी कोन, ते तुमच्याकडं बघून कळलं.” ती हसली, लहानपणी हसायची तशीच. “पर तुमी म्हनला हुता ना, मनाचं सांगायचं न्हाई.”

पलीकडून कुणीतरी हाक मारली. एक कोकरू वाघरेत अडकलं होतं. “आले,” म्हणत ती वळली आणि मेंढरांत शिरली.

गुरुजींचा हात कोटाच्या खिशात गेला होता. निवृत्त माणसाच्या खिशात खडू कुठून असणार? मी म्हणालो, “चला गुरुजी, लग्नाची वेळ झाली.” ते हो म्हणाले, पण जागचे हलले नाहीत आणि खिशातला हातही त्यांनी बाहेर काढला नाही.